‘उपचारात्मक’ ही पाटी उतरवा : विद्यापीठ चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कुलगुरू, अधिष्ठाता, कुलसचिव आणि दर सत्राला वेळापत्रक लावायला बसणारे सगळे,

स. न. वि. वि.

गेली नऊ वर्षं मी एका विद्यापीठाच्या अभ्यास साहाय्य केंद्रात गणित आणि संख्याशास्त्रासाठी बसते. नियुक्तिपत्रात ‘शिकवणे’ असं लिहिलंय, पण सत्राचे पहिले दहा आठवडे मी मुख्यतः वाटच पाहते. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र खुर्च्या पुरत नाहीत. तेव्हा जे येतात त्यांना शिकवायला वेळ उरलेला नसतो. कुठले प्रश्न सोडून द्यायचे, एवढंच सांगता येतं.

आमच्या दारावर दोन पाट्या आहेत. वरची नवी, गुळगुळीत अक्षरांची. खालची जुनी, कुणी काढली नाही म्हणून राहिलेली : ‘उपचारात्मक वर्ग’. या शब्दाकडे एकदा नीट बघा. उपचार आजाऱ्यावर होतात. म्हणजे आत पाऊल टाकणाऱ्याने आधी आपण आजारी आहोत हे कबूल करायचं, तेही काचेच्या दारातून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. टेबलावर नोंदवही असते. नाव, वर्ग, वेळ, आणि शेवटचा रकाना ‘येण्याचे कारण’. त्या रकान्यात नऊ वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द वाचला असेल? ‘सहज’. गणिताच्या शंका विचारायला, भर दुपारी, सहज.

मला त्या ‘सहज’चा राग येत नाही, कारण विद्यार्थिनी असताना मी तेवढंही लिहिलं नव्हतं. पहिल्या वर्षी कॅल्क्युलसमध्ये १०० पैकी २२ मिळाले तेव्हा आमच्याकडेही असा वर्ग होता. तो होता शिक्षकांच्या खोलीसमोर. आत बसलेलं कुणी पाहील म्हणून मी त्या मजल्यावरून जाणंच टाळायचे, प्रयोगशाळेत जायला मागचा जिना धरायचे. शाळेत कायम पहिल्या तिनात आलेल्या मुलीच्या तोंडून ‘मला कळत नाही’ हे तीन शब्द सहजासहजी निघत नाहीत. मी पास झाले ती ग्रंथालयात शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने माझ्या वहीत डोकावून ‘हे असं का केलंस?’ विचारलं म्हणून. मला सांगता येईना. तिलाही माहीत नव्हतं. दोघी मिळून शोधायला लागलो, पुढच्या आठवड्यात चौघी झालो. यात संस्थेचं कर्तृत्व शून्य. ती मुलगी त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर बसली असती तर मी आज या खुर्चीवर नसते.

तुमच्या माहितीपुस्तिकेत आमच्या केंद्राबद्दल एक वाक्य असतं : ‘गरजू विद्यार्थ्यांनी लाभ घ्यावा.’ माझी सगळी तक्रार या एका वाक्याशी आहे. ज्याला गरज सर्वांत जास्त, तो लाभ घ्यायला येत नाही. ७८ गुण मिळवणारी मुलगी ८५ व्हावेत म्हणून येते, आणि तिने यावंच. ३१ वाला मागच्या जिन्याने जातो. तेव्हा ‘गरजू’ शोधत बसू नका. मदत अवघड विषयाला जोडा आणि ती वेळापत्रकात घाला.

ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. १९७३ साली अमेरिकेत कॅन्सस सिटी इथल्या मिसूरी विद्यापीठात डिआना मार्टिन यांच्यापुढे व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या गळतीचा प्रश्न होता. ‘कुठले विद्यार्थी धोक्यात आहेत?’ या नेहमीच्या प्रश्नाऐवजी त्यांनी ‘कुठले विषय धोक्याचे आहेत?’ असं विचारलं. ज्या विषयात साधारण ३० टक्के किंवा त्याहून जास्त मुलं काठावर राहतात, नापास होतात किंवा विषयच सोडून देतात, तो विषय धोक्याचा. मग त्या विषयाला बसलेल्या सगळ्यांसाठी, हुशार-कच्चा असा भेद न करता, दर आठवड्याला जादा सत्रं ठेवायची. या पद्धतीला सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन म्हणतात. ऑस्ट्रेलियात ती ‘पास’ या नावाने चालते.

सत्र घेणारा शिक्षक नसतो. तोच विषय आदल्या वर्षी चांगल्या रीतीने पार केलेला विद्यार्थी असतो. तो सगळ्या तासांना पुन्हा बसतो, पुन्हा टिपणं काढतो. त्यामुळे सरांनी मंगळवारी काय सांगितलं आणि कुठे घाई केली हे त्याला ठाऊक असतं. सत्रं पहिल्या आठवड्यात सुरू होतात, पहिली परीक्षा व्हायच्या आधी. या एका गोष्टीत सगळी खुबी आहे. तोवर कुणी नापासच झालेलं नसतं, त्यामुळे आत बसण्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं.

आमच्याकडे दोन शैक्षणिक सत्रं हा प्रयोग संख्याशास्त्रासाठी झाला, पुढे निधी संपला. त्यातला एक तास सांगते. प्रश्न होता, नाणं दोनदा उडवलं तर किमान एकदा छापा पडण्याची शक्यता किती? एका मुलाने फळ्यावर अर्धा अधिक अर्धा केलं, उत्तर एक. सत्र घेणारी मुलगी दुसऱ्या वर्षाची. मी असते तर खडू हातात घेऊन ‘अरे, असं नसतं’ म्हणत सगळं सोडवून दाखवलं असतं, त्याने ते उतरवून घेतलं असतं आणि परीक्षेत पुन्हा बेरीजच केली असती. तिने फक्त विचारलं, ‘मग तीनदा उडवलं तर?’ तो म्हणाला, ‘दीड.’ आणि स्वतःच थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘दीडशे टक्के पडणार!’ सगळे हसले, तोही हसला. ती गप्प. ती शांतता मला सहन होईना, मी खुर्चीत चुळबुळ करत होते. अखेर त्यानेच विचारलं, ‘दोन्ही वेळा काटा पडला तर काय?’ आणि चारही शक्यता लिहून काढल्या. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चारांपैकी तीन. हे एवढं व्हायला वीस मिनिटं लागली. तासाच्या गणितात ही वीस मिनिटं बसत नाहीत, हे मला मान्य आहे. म्हणून तर तासाच्या शेजारी दुसरा तास हवा.

तुमच्यातले हिशेबी लोक इथे एक आक्षेप घेतील, आणि तो खरा आहे. अशा सत्रांना येणारी मुलं जास्त गुण मिळवतात हे दाखवणं सोपं आहे, पण जी येतात ती मुळातच मन लावून अभ्यास करणारी असू शकतात. संख्याशास्त्राची शिक्षिका असून ही पळवाट मी झाकून ठेवली तर माझीच मुलं मला पकडतील. माझ्या मते हा आक्षेप सत्रं बंद करण्यासाठी नाही, ती अशा जागी आणि अशा वेळी ठेवण्यासाठी वापरावा की न येणं हेच जास्त कटकटीचं होईल. तासानंतर लगेच, त्याच वर्गात. आमचं केंद्र दहा ते पाच उघडं असतं. दहा ते पाच मुलं कुठे असतात? तासाला आणि प्रॅक्टिकलला. ही वेळ ज्याने ठरवली त्याने ती आमच्या हजेरीपत्रकाकडे बघून ठरवली.

‘पोरं आळशी आहेत, पाया कच्चा आहे, घरी वातावरण नाही.’ बैठकांत हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वाक्य पुरं व्हायच्या आत माझं चहाकडे लक्ष जातं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे युरी ट्रीसमन नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने नेमकं हेच ऐकलं होतं. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी फार मोठ्या प्रमाणात मागे पडत होते, चिनी वंशाचे पुढे जात होते. का, असं प्राध्यापकांना विचारल्यावर हीच यादी मिळाली : जिद्द नाही, तयारी नाही, घरून पाठबळ नाही, पैसा नाही. ट्रीसमनने दोन्ही गटांतल्या वीस-वीस मुलांचा माग काढला. ती कुठे बसतात, कधी अभ्यास करतात, कुणाशी बोलतात हे दीडेक वर्ष पाहिलं. यादीतलं एकही कारण टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलं नेमाने, ठरल्या वेळी अभ्यास करत होती, पण एकेकटी. दुसरी मुलं आधी एकटी करत आणि मग एकत्र जमून एकमेकांची उत्तरं तपासत. आपण कुठे अडलो आणि बाकीचे कुठे अडले हे त्यांना कळत होतं. एकट्याला वाटत राहतं की अडतोय तो फक्त आपणच.

यावर ट्रीसमनने काय केलं तेही बघण्यासारखं आहे. सोपी गणितं देणारा कच्च्यांचा वर्ग त्याने काढला नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं घेऊन गटाने बसायची कार्यशाळा काढली आणि ती चांगलं करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे असं सांगून मुलांना बोलावलं. मुलं आली, आणि कॅल्क्युलसमध्ये पुढे गेली. मी ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ग्रंथालयातलं ते टेबल आठवलं. जे माझ्या बाबतीत योगायोगाने घडलं ते कुणीतरी ठरवून घडवत होतं.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी बैठक तिथेच अडते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या पदवीच्या महाविद्यालयांत ‘असॅप’ नावाची योजना सुरू केली. पूर्ण वेळ प्रवेश घ्यायचा, सल्लागाराला ठरल्याप्रमाणे भेटायचं, शिकवणीला बसायचं, आणि त्या बदल्यात उरलेली फी, पाठ्यपुस्तकं आणि प्रवासाचा पास विद्यापीठ देणार. एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी. त्याच महाविद्यालयांत इतरांसाठी हे प्रमाण एकाला ६००च्या वर होतं. पुढे चिठ्ठ्या टाकल्यासारखी विद्यार्थ्यांची वाटणी करून तपासणी झाली, म्हणजे वर सांगितलेली पळवाट इथे नव्हती. तीन वर्षांत पदवी घेणारे योजनेबाहेर २२ टक्के, योजनेत ४० टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च जास्त आला, पण दर पदवीमागे कमी आला, कारण पदव्याच जवळपास दुप्पट झाल्या. ओहायो राज्यात हीच योजना नेली तेव्हाही तसाच फरक दिसला. तुम्ही खर्च माणशी मोजता. तो एकदा पदवीमागे मोजून पाहा, ही माझी लेखा विभागाला खास विनंती.

हल्ली मला बैठकांत दुसरंच चित्र दाखवतात. संगणकाच्या पडद्यावर विद्यार्थ्यांची नावं, काही हिरवी, काही लाल. हजेरी घसरली, चाचणी बुडवली की नाव लाल होणार. याचं मूळ उदाहरण अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचं. तिथे २०१२ पासून अशी यंत्रणा ८००हून जास्त धोक्याच्या खुणांवर नजर ठेवते, आणि तिथली पदवीची टक्केवारी वाढली हे खरं आहे. मात्र ते सांगणारे एक तपशील नेहमी गाळतात. त्या विद्यापीठाने यंत्रणेबरोबर सल्लागारही मोठ्या संख्येने नव्याने नेमले. लाल नाव दिसलं की कुणीतरी माणूस त्या मुलाला बोलावून घेत होता. आमच्याकडे यंत्रणा आली, माणूस आला नाही. लाल झालेल्या मुलांना आपोआप एक ईमेल जातो : ‘आपली शैक्षणिक प्रगती असमाधानकारक आहे.’ ३१ वाल्याला हे आधीच माहीत असतं.

लेखन साहाय्याबद्दलही लिहायलाच हवं, कारण तिथे गैरसमज विद्यार्थ्यांपेक्षा प्राध्यापकांचा जास्त आहे. आमच्या शेजारच्या टेबलावर माझी एक सहकारी बसते. तिच्याकडे मुलं चिठ्ठी घेऊन येतात, ‘भाषा सुधारून आणणे’. जणू इस्त्रीला कपडे टाकलेत. ती कागद हातात घेतच नाही. मुलालाच मोठ्याने वाचायला सांगते. दुसऱ्या परिच्छेदात तो अडखळतो, तिथे ती विचारते, ‘इथे तुला म्हणायचं काय होतं?’ मग तो पाठ्यपुस्तकी भाषा सोडून सरळ बोलतो आणि ते वाक्य कागदावरच्यापेक्षा दसपट बरं असतं. ‘हेच लिही ना,’ ती म्हणते. ‘चालतं असं लिहिलेलं?’ हा त्याचा ठरलेला प्रश्न. अर्धी भाषा सुधारते ती या परवानगीने. पण सरांना चुका दुरुस्त केलेला कागद हवा असतो. तो तसा गेला नाही की केंद्राबद्दल तक्रार येते. अधिष्ठाते हो, तुमच्या विभागातल्या लोकांना एवढं समजावून सांगा की ते टेबल मुद्रितशोधनाचं नाही.

अपंग विद्यार्थ्यांच्या सोयींवर वेगळं पत्र लिहावं लागेल. आत्ता एकच. डिस्लेक्सिया उन्हाळ्याच्या सुट्टीत बरा होत नाही. तरी तेच प्रमाणपत्र तीच मुलगी दर सत्राला पाच शिक्षकांना पुन्हा दाखवते, पाच वेळा तीच कहाणी सांगते, आणि पाचांतला एखादा तरी ‘जादा वेळ बाकीच्यांवर अन्याय नाही का?’ असं विचारतोच. कागद एकदा घ्या आणि पुढचं तुमच्या कार्यालयाने करा.

आणि हो, ‘आता एआय आलंय, केंद्राची गरज काय?’ मागच्या बैठकीत हे विचारणाऱ्या सद्गृहस्थांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही, इथे देते. रात्री दोन वाजता, कुणाच्याही नजरेला न पडता शंका विचारता येते ही त्याची ताकद मी ओळखून आहे. मागच्या जिन्याने जाणाऱ्या मुलीला ते नक्की आवडलं असतं. पण तुर्कस्तानात सुमारे हजार शाळकरी मुलांवर झालेल्या एका प्रयोगात साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांनी सरावाची गणितं ४८ टक्के जास्त चांगली सोडवली, आणि चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा तो कधीच न वापरलेल्यांपेक्षा १७ टक्के कमी गुण मिळवले. उत्तर न सांगता नुसत्या खुणा देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला त्यांचं हे नुकसान बरंचसं टळलं. म्हणजे पुन्हा तेच, नाण्याच्या गणितात गप्प बसलेली ती दुसऱ्या वर्षाची मुलगी.

मुलांना स्वतःला हे कळत नाही, यात त्यांचा दोष नाही. २००६ मध्ये रॉडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका गटाला तोच उतारा पुन्हा पुन्हा, सरासरी १४ वेळा वाचू दिला. दुसऱ्या गटाने तो तीन-चारदाच वाचला आणि उरलेला वेळ कागद मिटून आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता. आठवड्याने पहिल्याला ४० टक्के आठवलं, दुसऱ्याला ६१ टक्के. आपल्याला चांगलं लक्षात राहील अशी खात्री मात्र पहिल्या गटाला जास्त होती. अभ्यास कसा करायचा हे न सांगता आपण मुलांना अभ्यासक्रम देतो. मग आदल्या रात्री चौदाव्यांदा वाचून ती परीक्षेला येतात आणि ‘सगळं वाचलं होतं हो’ म्हणून रडतात. खोटं बोलत नसतात.

मागणं मोठं नाही. गेल्या तीन वर्षांचे निकाल काढा. ज्या विषयांत तिसरा हिस्सा मुलं अडतात त्यांची नावं परीक्षा विभागाला तोंडपाठ असतील. त्या पाच-सहा विषयांना पहिल्या आठवड्यापासून शेजारी एक तास लावा, त्याच वर्गात. तो घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्राऐवजी मानधन द्या, कारण ज्याला कमवून शिकावं लागतं तो फुकट सत्र घेऊ शकत नाही आणि मग फक्त सुखवस्तू घरातलीच मुलं शिकवायला उरतात. प्रथम वर्षाच्या प्रत्येकाची सल्लागाराशी पहिल्या महिन्यात एक भेट ठरवून टाका, सगळ्यांची, म्हणजे कुणाची अशी वेगळी होणार नाही. आमची नियुक्ती सत्रागणिक कंत्राटावर न करता कायम करा, हे मी स्वतःच्या स्वार्थासाठीही म्हणते आहे, लपवत नाही. पण जो मुलगा पहिल्या वर्षी धीर करून माझ्याशी बोलला त्याला दुसऱ्या वर्षी त्या खुर्चीवर अनोळखी माणूस दिसला तर तो पुन्हा धीर करील का, याचाही विचार व्हावा.

पाटी उतरवायला शिडी आणि शिपाई लागतो, अर्ज दिला आहे. नोंदवहीतला ‘येण्याचे कारण’ हा रकाना मात्र मी गेल्या सत्रात पट्टी लावून आडव्या रेघेने खोडून टाकला. परवानगी घेतली नव्हती. ती या पत्राने मागते.

आपली,
अभ्यास साहाय्य केंद्रातली एक शिक्षिका